काळ्या चौकोनांचं वाळवंट: ट्वेंटीनाइन पाम्सचा एक जुना टोपो नकाशा

अबोली

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात आम्ही चौघं लॉस एंजेलिसहून जोशुआ ट्रीला जाऊन आलो. राहायला ट्वेंटीनाइन पाम्स गावाच्या पश्चिमेला, हायवे ६२ सोडून कच्च्या रस्त्यानं बरंच आत एक खोपटं मिळालं होतं. खोपटंच म्हणायचं. एक खोली, तिला मागाहून चिकटवलेलं न्हाणीघर आणि चारी बाजूंना क्रियोसोटची झुडपं. शेजारचं घर दिसत होतं, पण त्याला छप्पर नव्हतं.

परतीच्या वाटेवर जुन्या बाजारात एका आजोबांकडून पाच डॉलरला एक गुंडाळी घेतली. यु. एस. जिऑलॉजिकल सर्व्हेचा त्याच भागाचा टोपो नकाशा, पन्नासच्या दशकातला, प्रमाण १:६२,५००. नवऱ्याच्या मते पाच डॉलरचा केर. मी शाळेत स्थलनिर्देशक नकाशाचा प्रश्न कायम ऑप्शनला टाकत आले, पण हा कागद आठ दिवस जेवणाच्या टेबलावरून हललेला नाही. दक्षिणेला डोंगरांपाशी तपकिरी रेषा खच्चून भरल्यात, उत्तरेला त्याच रेषा सुटत सुटत जातात. आणि त्या सपाट, पाण्याचा थेंब नसलेल्या भागात बारीक काळे चौकोन. शेकडो! एकमेकांपासून फटकून, पण आखल्यासारखे ओळीत.

तर हे चौकोन काय आहेत? ती घरं असतील तर तिथे एवढी माणसं कशाला राहायला गेली? आणि आमचं खोपटं यात कसं शोधायचं?

टिल्लू

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचेन.

खवट_पुणेकर

त्या भागाला 'हाय डेझर्ट' म्हणतात ना? ट्वेंटीनाइन पाम्सची उंची दोन हजार फुटांच्या आसपास. पुणं साडेअठराशे फुटांवर आहे. म्हणजे आम्ही सदाशिव पेठेत जवळजवळ हाय डेझर्टातच राहतो. मे महिन्यात तर नक्कीच. (दिवे घ्या.)

चिऊताई

आणि लेह साडेतीन हजार मीटरवर. त्यांनी काय म्हणवून घ्यायचं?

वाळवंटी_कावळा

पुणेकर, हाय आणि लो हे एकमेकांच्या तुलनेत आहे हो. डोंगराच्या पलीकडे पाम स्प्रिंग्ज जेमतेम पाचशे फुटांवर, आणि तिथून खाली सॉल्टन सी तर समुद्रसपाटीच्याही दोनशे फूट खाली. ते लो डेझर्ट. अलीकडचं मोहावे ते हाय. फरक झाडांवरून कळतो. जोशुआ ट्री नावाचं झाड उंचावरच्या थंडीत वाढतं, खाली उतरलं की दिसेनासं होतं. मी वीस वर्षं व्हिक्टरव्हिलला राहतो. आमच्याकडे हिवाळ्यात सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो, तेव्हा हाय-लो चांगलं समजतं.

आता अबोलीच्या चौकोनांकडे. ती घरंच आहेत, आणि तुम्ही ज्या खोपटात राहिलात ते बहुधा त्यांच्यापैकीच एक. इकडे त्यांना 'जॅकरॅबिट होमस्टेड' म्हणतात. १९३८ साली अमेरिकी सरकारनं 'स्मॉल ट्रॅक्ट अ‍ॅक्ट' केला. सरकारी पडीक जमिनीचे पाच-पाच एकरांचे तुकडे पाडायचे, आधी भाडेपट्ट्यानं द्यायचे, आणि ठरावीक मुदतीत वर छोटंसं घर उभं केलं की किरकोळ किमतीत नावावर करायचे. १८६२ च्या जुन्या होमस्टेड कायद्यात १६० एकर मिळायचे, पण जमीन कसून दाखवावी लागायची. इथे कसायची अट नाही. कसणार काय, कपाळ! पाणीच नाही.

महायुद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसच्या कामगार-कारकून मंडळींनी धडाधड अर्ज केले. शनिवारी गाडीच्या टपावर फळ्या बांधून यायचं, रविवारी संध्याकाळी परत. पाणीसुद्धा पिंपातून सोबत. बारा बाय सोळा फुटांची एक खोली उठली की झालं घर. तुमचा नकाशा नेमका त्या लाटेतला आहे.

चिऊताई

थांबा. सरकार स्वतःहून म्हणतंय, पाच एकर घ्या, वर एक खोली बांधा, की जमीन तुमची? आणि आमचे बाबा अकरा गुंठ्यांच्या एन.ए.साठी तीन वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवत होते!

खवट_पुणेकर

"कसेल त्याची जमीन" ऐकलं होतं. "ठोकेल त्याची जमीन" आजच कळलं.

निवृत्त_मोजणीदार

उशिरा येतोय, पण विषय आमच्या पोटापाण्याचा आहे. पस्तीस वर्षं साखळी, थिओडोलाइट आणि शेवटी शेवटी जीपीएस केलं, म्हणून दोन शब्द.

अबोलीताई, ओळीत दिसतात त्याचं कारण नकाशावरच आहे. लाल बारीक रेषांचे चौकोन बघा, प्रत्येकात १ ते ३६ पैकी एक आकडा असेल. त्याला तिकडे सेक्शन म्हणतात. एक मैल बाय एक मैल, म्हणजे ६४० एकर. असे ३६ मिळून एक टाउनशिप. आता त्रैराशिक नको, साधा भागाकार करा: ६४० भागिले ५, एका सेक्शनमध्ये १२८ प्लॉट. एक प्लॉट ३३० फूट बाय ६६० फूट, आणि रस्त्यासाठी बहुतेकांच्या कडेनं पट्टी सोडलेली. म्हणून तुम्हाला सगळं पट्टीनं आखल्यासारखं दिसतंय. ओढा आडवा येवो की टेकडी, रेषा सरळच. आपल्याकडे गट नंबराचा आकार बांधानं ठरतो. तिथे आधी रेषा आली, माणूस मागाहून.

या रेषांचा उगम सान बर्नार्डिनो डोंगरावर. हेन्री वॉशिंग्टन नावाच्या मोजणीदारानं १८५२ मध्ये तिथे आरंभबिंदू रोवला. दिवसा उष्णतेच्या झळांमुळे लांबचं दिसेना, म्हणून रात्री शिखरावर मोठाले जाळ पेटवून खालून त्यांचा वेध घेतला, असं सांगतात. त्या बिंदूतून आखलेल्या आधाररेषेवरून (बेसलाइन) सान बर्नार्डिनो शहरातल्या एका मोठ्या रस्त्याचं नावच बेसलाइन पडलं.

अवांतर: आमच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. मद्रासपासून त्रिकोण मोजत मोजत निघालेला माणूस १८२३ साली तिथे संपला. नोकरीत असताना एकदा मुद्दाम जाऊन आलो. मोजणी करत मेला, बदली मागितली नाही.

आता खुणा. काळा म्हणजे माणसानं केलेलं. निळा पाण्याचा. तपकिरी समोच्च रेषा, दर पाचवी जाड. हिरवा झाडोऱ्याचा, तो तुमच्या नकाशात डोळ्यांत घालायलाही नसेल. निळ्या तुटक कडेत तपकिरी ठिपके दिसले तर ते कोरडं तळं, तिथे पोहायला जाऊ नका. चौकोन भरीव काळा असेल तर माणसांचं राहतं घर किंवा कामाची जागा. नुसती बाह्यरेषा, आत पोकळ असेल तर कोठार, गोठा, गोदाम असलं काही.

टिल्लू

रुमाल अजून इथेच आहे ना?

गडभ्रमर

मोजणीदारकाका, दंडवत.

१:६२,५०० वाचून गंमत वाटली. आपले जुने एक इंची नकाशे १:६३,३६०, म्हणजे बरोब्बर एक इंचाला एक मैल. हे त्याचंच चुलत भावंड दिसतं.

नव्वदच्या दशकात आम्ही ट्रेकला सुरुवात केली तेव्हा टोपोशीट म्हणजे सोन्याची वीट. बऱ्याच शीटांवर 'प्रतिबंधित' असा शिक्का. कुणाच्या तरी काकांच्या ओळखीनं मिळालेल्या शीटची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. काळ्या-पांढऱ्यात नदी कुठली आणि समोच्च रेषा कुठली तेच कळेना! एकदा घाटमाथ्यावर आम्ही जिला पायवाट समजून चाललो ती तालुक्याची हद्द निघाली. हद्दीला कड्यावरून जायला काय जातंय? आपल्या सरकारच्या २००५ च्या नकाशा धोरणानंतर नागरी वापराची वेगळी मालिका आली आणि २०२१ पासून आणखी मोकळीक झाली. पण तोवर आमचे गुडघे गेले होते.

आणि हे अमेरिकन लोक पाच डॉलरला जुन्या बाजारात विकतात.

वाळवंटी_कावळा

पाच डॉलर कशाला? यु. एस. जिऑलॉजिकल सर्व्हेनं जुने नकाशे स्कॅन करून 'टोपोव्ह्यू' नावाच्या साइटवर फुकट ठेवलेत. १८८४ पासूनचे, पावणेदोन लाखांच्या वर. एकाच जागेचे वेगवेगळ्या सालांचे नकाशे एकावर एक ठेवून बघता येतात. अबोली, तुमच्या शीटचा स्कॅन तिथून उतरवून घ्या, भिंग लावत बसायला नको.

अबोली

बापरे, किती माहिती! नवऱ्याला भरीव आणि पोकळ चौकोन वाचून दाखवले. तो म्हणाला "हं." प्रगती आहे.

एक शंका. नकाशावर दोन-तीन सालं छापलीत. खरं कुठलं?

निवृत्त_मोजणीदार

सगळीच खरी. विमानातून छायाचित्रं घेतली ते एक साल. त्यांच्या जोड्या यंत्राखाली ठेवून उंचसखलपणा काढतात, मग माणूस प्रत्यक्ष फिरून खात्री करतो ते दुसरं. शीटच्या नावाखाली सहसा हे दुसरं असतं. छपाईचं तिसरं निघू शकतं. नकाशा तुम्ही त्या पाहणीच्या सालाचा धरायचा. पुढे कधी जांभळ्या रंगात छापलेले रस्ते-घरं असलेली आवृत्ती मिळाली, तर ती भर नव्या हवाई छायाचित्रांवरून घातलेली असते, जागेवर जाऊन तपासलेली नसते.

तो पाहणी करणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो. जीप, पाण्याची पिंपं, मांडीवर छायाचित्र, हातात टोकदार पेन्सिल. ऊन तर असणारच, आणि प्रत्येक खोपटाशी थांबून आत कोणी राहतं का ते बघायचं.

नर्मदाकाठ

सगळे रंगलेत, त्यात मिठाचा खडा टाकते. "सरकारी पडीक जमीन" हा शब्द कावळ्यांनी सहज वापरला. ती पडीक कोणाच्या लेखी? ज्या पाणवठ्यावरून गावाला ट्वेंटीनाइन पाम्स नाव मिळालं, त्या मारा ओअ‍ॅसिसवर सेरानो आणि चेमेहुएवी लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते, शेती करत होते. एक दंतकथा सांगते की एका वर्षात जन्मलेल्या प्रत्येक मुलग्यामागे एक असे २९ ताड त्यांनीच लावले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तिथून गेले आणि पन्नासच्या दशकात नकाशावर चौकोन उमटले. मधलं पान कुठल्या रंगात छापलंय?

वाळवंटी_कावळा

मुद्दा मान्य. पण ज्यांनी खोपटी बांधली ते काही जमीनदार नव्हते. बरेचसे लढाईवरून परतलेले. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, पासाडीनाचे डॉक्टर जेम्स लकी पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं फुप्फुसं जळालेल्या सैनिकांना कोरड्या हवेसाठी मुद्दाम ट्वेंटीनाइन पाम्सला धाडायचे. गाव त्यांच्यामुळे वसलं. नुसती हवा खायला आलेल्यांना दोष कशाला?

नर्मदाकाठ

दोष माणसांना देतच नाही. 'पडीक' या शब्दाला देते. आमच्याकडेही धरणाच्या कागदांत गायरान पडीकच असतं.

खवट_पुणेकर

+१. हे पहिल्यांदाच घडतंय, नोंद घ्यावी.

दगडफोड्या

भूशास्त्राचा विद्यार्थी होतो, आता बँकेत आहे, तरी राहवत नाही.

ते ताड तिथेच का? पिंटो माउंटन फॉल्ट, म्हणजे जमिनीतला भ्रंश (खडकातली भेग), तिथून जातो. खडक दळला जाऊन भ्रंशाच्या रेषेत पाणी न झिरपणारी भिंत तयार होते, जमिनीखालून वाहणारं पाणी तिला अडतं आणि वर येतं. नैसर्गिक भूमिगत बंधाराच म्हणा ना. अबोली, नकाशावर ओअ‍ॅसिस शोधा आणि त्यातून पूर्व-पश्चिम पट्टी धरा. डोंगर-उतारांतले बारकावे त्या पट्टीला धरून दिसतील.

दुसरं म्हणजे २८ जून १९९२ चा लँडर्सचा भूकंप. तीव्रता ७.३. तुमच्या वायव्येला जमीन सुमारे ८५ किलोमीटर लांब फाटली आणि काही ठिकाणी दोन्ही बाजू एकमेकींपासून सहा मीटरपर्यंत आडव्या सरकल्या. कुंपणं तुटून बाजूला गेली, कच्चे रस्ते मधोमध कापले गेले. फाटलेल्या भ्रंशांपैकी एकाचं नाव होमस्टेड व्हॅली. त्यामुळे तुमचं खोपटं नकाशावर जुळलं नाही तर जमिनीला विचारा!

गडभ्रमर

सहा मीटर म्हणजे या नकाशावर किती?

निवृत्त_मोजणीदार

मिलिमीटरचा दहावा भाग. पेन्सिलीच्या रेषेपेक्षा बारीक. भूकंपावर ढकलू नका.

चिऊताई

म्हणजे इंजिनिअर मोजणीत चुकला तरी भूकंपाचं नाव सांगता येणार नाही. अरेरे.

अबोली

मंडळी, धक्का बसलाय.

काल रात्री स्कॅन उतरवला. खोपट्याच्या दारात काढलेल्या फोटोत फोननं अक्षांश-रेखांश नोंदवले होते. नकाशाच्या कोपऱ्यांतले आकडे धरून त्रैराशिक मांडलं, दोनदा तपासलं. आमचं खोपटं चक्क कोरड्या ओढ्याच्या पात्रात! आसपास चौकोन नाही. पूर्वेच्या बाजूला थोड्या अंतरावर एक आहे, पण तो शेजारच्या प्लॉटमध्ये असणार. नवरा म्हणाला, "आधीच म्हटलं होतं, केर."

खवट_पुणेकर

पात्रात बांधकाम? अमेरिकेत असून अगदी घरच्यासारखं वाटलं असेल.

निवृत्त_मोजणीदार

यजमानांना जरा थांबायला सांगा.

नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात '१९२७ नॉर्थ अमेरिकन डेटम' असं लिहिलेलं असेल. पृथ्वीचा आकार कुठला धरायचा आणि मोजायला कुठून सुरुवात करायची, याची ती त्या काळची मांडणी. तुमचा फोन आजच्या मांडणीतले आकडे देतो. जमीन तीच, आकडे वेगळे. तुमच्या भागात हा फरक मुख्यतः रेखांशात पडतो, सुमारे ८० मीटर. आजचा आकडा जुन्या जाळीवर मांडला की बिंदू तेवढा पश्चिमेला जाऊन पडतो. ८० मीटर म्हणजे या शीटवर साधारण १.३ मिलिमीटर. बिंदू तेवढा पूर्वेला सरकवा.

एवढ्यानं काय होतंय, असं वाटेल. पण तुमच्या प्लॉटची अरुंद बाजू ३३० फूट, म्हणजे शंभर मीटर. ८० मीटर चुकलं की तुम्ही दुसऱ्याच्या अंगणात. अशा नकाशांना ठळक बिंदूंपैकी नव्वद टक्के एका इंचाच्या पन्नासाव्या भागात बसले पाहिजेत असा त्यांचा १९४७ चा दंडक होता. जमिनीवर ते ३२ मीटर होतात. तेव्हा ८० मीटरची चूक नकाशाची नाही, तुमच्या त्रैराशिकाची. त्रैराशिकही बरोबरच आहे म्हणा, दोन वेगळ्या गावांची मापं एकत्र घातलीत इतकंच.

आणि चौकोनाच्या आकारावर जाऊ नका. कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर तीस मीटर. बारा बाय सोळा फुटांची खोली खऱ्या मापानं काढली तर दिसणारच नाही. खूण नेहमी घरापेक्षा मोठी असते.

गडभ्रमर

काका, तुम्ही आमच्या ट्रेकला असतात तर ती हद्द आम्ही चाललो नसतो.

होकायंत्र वापरणाऱ्यांसाठी आणखी एक: तळातला चुंबकीय उत्तरेचा बाणही जुना समजा. पन्नासच्या दशकात त्या भागात फरक पूर्वेला पंधरा अंशांच्या आसपास होता, आता अकराच्या आसपास आहे. जुन्या बाणावर विसंबून वाळवंटात चालू नये.

कागदकीडा

वाचनमात्र होतो, एका कारणासाठी आयडी जागा केला. हात जोडतो, लॅमिनेट करू नका! प्लास्टिक निघत नाही आणि कागद आत पिवळा पडत जातो. आम्लमुक्त पुठ्ठा, काच आणि कागद यांत थोडी फट, आणि ऊन न येणारी भिंत.

वाळवंटी_कावळा

पुढचं सांगून टाकतो. बरेच जण एक-दोन उन्हाळे काढून कंटाळले. पाणी नाही, वीज पोचायला वर्षं लागली, पोरं मोठी झाली. १९७६ मध्ये तो कायदाच रद्द झाला. खोपटी तशीच राहिली, दारं-खिडक्या गेल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी काउंटीनं मोहीम काढून कितीतरी पाडली. उरली त्यांतली काही चित्रकारांनी घेतली, काही आता पाहुण्यांना भाड्यानं देतात. उत्तरेला १९५२ पासून मरीन सैनिकांचा तळ आहे, आज त्याचा पसारा बृहन्मुंबईच्या चौपटीहून मोठा. रात्री खोपट्यात खिडक्या थरथरल्या असतील तर तो भूकंप नव्हता, तोफांचा सराव होता.

अबोली

थरथरल्या होत्या! आणि आम्ही यांच्या घोरण्याला दोष दिला.

असो. काकांनी सांगितलं तसा बिंदू १.३ मिलिमीटर पूर्वेला सरकवला. तंतोतंत त्या चौकोनावर. ओढा आमच्या पश्चिमेलाच होता, सकाळी मुलं तिथेच दगड गोळा करत होती, आता आठवलं. मी ओरडलेच. नवरा स्वतः उठून बघायला आला आणि गेला अर्धा तास स्क्रीनसमोरून हललेला नाही. शेजारच्या बिनछपराच्या घराचाही चौकोन सापडला, तो भरीव काळा आहे.

पण काका, आमचा चौकोन पोकळ आहे.

निवृत्त_मोजणीदार

म्हणजे तो पाहणीवाला आला तेव्हा तिथे राहतं घर असल्याचं त्याला दिसलं नसावं. आठवड्याच्या मधल्या वारी आला असेल. मालक लॉस एंजेलिसला कामावर, दाराला कुलूप, आत फळ्या आणि सिमेंटची पोती. मीही पोकळच दाखवला असता.

खवट_पुणेकर

थोडक्यात, तुम्ही रोख पैसे मोजून सरकारी नोंदीनुसार गोठ्यात राहून आलात.

अबोली

यजमानांचं उत्तर कळवते: "गोठ्याची फ्रेम करायला टाकली."

टिल्लू

रुमाल उचलायला आलो. आता पहिल्यापासून वाचतो. ते काळे चौकोन काय आहेत म्हणे?